चौकोनाचं मोल

सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध. मधोमध प्लॅटिनम, चार कोपऱ्यांवर दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया. हा सपाट चौकोन योगायोगाने घडत नाही. प्लॅटिनम आयनातले आठ डी-इलेक्ट्रॉन पाचपैकी चार डी-ऑर्बिटलांत जोडीने बसतात. ज्या पाचव्याच्या पाकळ्या थेट चार कोपऱ्यांकडे रोखलेल्या, ते बंधांसाठी रिकामं राहतं. दोन्ही क्लोरीन शेजारी असतील तर रेणू डीएनएवरच्या शेजारच्या दोन ग्वानिनना धरून ठेवतो. समोरासमोर असतील तर औषध म्हणून निरुपयोगी. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याआधी, १८९३ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी एकाच सूत्राची दोन रूपं पाहून हा चौकोन ओळखला. असा विषय पाठांतरावर सोपवणं अन्यायाचं आहे. शिक्षकांनो, हे रेणू मुलांना स्वतःच्या हाताने बांधू द्या.