महाडच्या गोडाऊनमधली फोर्कलिफ्ट कुणी तपासायची?

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, मुंबई

महोदय,

३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या औषध कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार आत अडकले, तेव्हा एनडीआरएफ आली, चौकशा लागल्या. हे पत्र मात्र कुणीच फिरकत नाही अशा अपघातांबद्दल आहे.

फोर्कलिफ्टची वळणारी चाकं मागची असतात. त्यामुळे वळताना तिचं ढुंगण झपकन बाहेर येतं आणि शेजारी उभ्या माणसाला रॅकशी दाबतं. तीन टन उचलणाऱ्या गाडीचं स्वतःचं वजनच चार टनांच्या पुढे. काट्यांवर ड्रमांचा पॅलेट चढला की चालकाला समोरचं दिसत नाही. मग उलटं चालवायचं, मान मागे वळवून, तेही आमच्या पावसात ओल्या झालेल्या उतारावर. पोलादपूरच्या वाड्यांवरून सकाळच्या एसटीनं येणारा पोरगा आठवड्यापूर्वी हमाली करत होता; आज किल्ली त्याच्या हातात. शिकवलं कुणी? आधीच्यानं, चहाच्या सुट्टीत.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये माल उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून एकदा तपासणी होती. पण ती कारखान्यात. नुसता माल साठवणारं गोडाऊन सहसा ‘कारखाना’ ठरतच नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सुरक्षा संहितेत दहा किंवा जास्त कामगारांची कुठलीही आस्थापना येते. चांगलं झालं. मात्र एकाच छपराखाली चार माणसं एका ठेकेदाराची, पाच दुसऱ्याची आणि मालकाचा एक सुपरवायझर असेल, तर दहा कुणी मोजायचे?

अपघातामुळे ४८ तास कामावर येता आलं नाही तर तो कळवणं बंधनकारक आहे. यातली मेख इथं सगळ्यांना ठाऊक आहे. प्लास्टर घातलेल्या माणसाला ४८ तास उलटायच्या आत गेटवर खुर्ची देऊन बसवायचं, की मस्टरवर हजेरी लागते आणि अपघात नाहीसा होतो. दवाखान्याचा खर्च ठेकेदार देतो, वर पाच-दहा हजार. पोरगा त्यालाच उपकार समजतो.

तेव्हा मागणी एवढीच: महाड एमआयडीसीतली आणि महामार्गालगतची गोडाऊनं एकदा मोजा, ठेकेदारांची माणसं धरून. प्रत्येक फोर्कलिफ्टची तपासणी आणि चालकाचं प्रशिक्षण कागदावर मागा. आणि मस्टर तपासताना गेटवरच्या खुर्चीत कोण बसलंय, त्याच्या पायाकडेही पाहा. येताना आधी फोन मात्र करू नका.

आपला,
महाडचा एक रहिवासी