नाणी खणणारे यंत्र : घेण्यापूर्वीच्या दोन परीक्षा

बिटकॉइन खणणारे यंत्र घ्यावे, अशी गोष्ट हल्ली घरातील तरुण मंडळी काढू लागली आहेत. त्यावर वडीलधारी माणसे एक तर संतापतात, नाही तर मुकाट्याने पैसे काढून देतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग अविचाराचे होत. यंत्राची परीक्षा करता येते, आणि तीस त्रैराशिक पुरते.

हे खणणे कुदळीचे नव्हे. जगभरच्या व्यवहारांची नोंद पक्की करण्यासाठी ही यंत्रे अहोरात्र आकडेमोड करतात. ज्याच्या यंत्रास उत्तर प्रथम सापडेल त्यास नवी नाणी मिळतात. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस निम्मे होऊन ३.१२५ नाण्यांवर आले आहे. या धंद्याचा कच्चा माल म्हणजे वीज. सबब पहिली परीक्षा पॉवर सप्लायची.

घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह करून यंत्रास पुरविणारी ही पेटी होय. ती किती शक्तीची असावी, हे आम्हां इगतपुरीकरांस थळ घाट शिकवितो. ३७ फुटांस १ फूट असा तो चढ. म्हणून कसाऱ्यास गाडीस जादा एंजिने जोडावी लागतात. सपाटीवर पुरणारे बळ चढावर पुरत नाही. बिटमेन कंपनीचे २०१६ सालचे अँटमायनर एस९ हे यंत्र सुमारे १३५० वॅट वीज खाते. त्यास तेवढ्याच शक्तीची पेटी जोडली, तर ती जन्मभर घाटच चढत राहील. पाचवा हिस्सा शिल्लक राहील अशी, म्हणजे सुमारे १७०० वॅटची पेटी घ्यावी. ‘८० प्लस’ ही खूण पाहावी. शंभर वॅट घेऊन निदान ऐंशी तरी यंत्रास पोहोचतात, असा तिचा अर्थ. उरलेले उष्णता होऊन वाया जातात, पण देयकात मोजले जातात. जोडणी १६ अँपिअरच्या, अर्थिंग केलेल्या सॉकेटलाच करावी, आणि आमच्याकडील पावसाळी दमटपणापासून पेटी जपावी. येथे स्थालीपुलाकन्याय उपयोगी नाही. शीत चेपून भात कळतो, पण पाच मिनिटे चाललेली पेटी रात्रभर पूर्ण भाराखाली टिकेल असे नाही. विकणाऱ्याकडून ती तशी चालवून घ्यावी.

दुसरी परीक्षा कारखानदाराची. यंत्र तयार आहे काय, ते किती वीज खाते हे लेखी देतो काय, आणि बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल, हे तीन प्रश्न विचारावे. अमेरिकेतील बटरफ्लाय लॅब्स या कंपनीने आगाऊ पैसे घेऊन यंत्रे फार उशिरा दिली, कित्येकांस दिलीच नाहीत, अशी तक्रार करून तेथील सरकारी व्यापार आयोगाने २०१४ साली तिच्यावर कारवाई केली. जे यंत्र दरमहा जुने होते, ते वर्षाने हाती येऊन काय उपयोग? आपल्याकडील गेनबिटकॉइन योजनेत तर यंत्र गिऱ्हाइकाच्या दृष्टीसही पडत नसे. दरमहा शेकडा १० प्रमाणे १८ महिने परतावा, एवढे वचन मात्र असे. पुण्यात गुन्हे दाखल होऊन एप्रिल २०१८ मध्ये तिच्या प्रवर्तकास अटक झाली. जो यंत्राचे वॅट सांगत नाही आणि व्याजाचे शेकडे मात्र सांगतो, त्यास कारखानदार म्हणू नये.

शेवटी त्रैराशिक. वरील यंत्र दिवसास सुमारे ३२ युनिटे खाते. युनिटास १० रुपये धरले, तर महिन्यास ९,६०० रुपये केवळ विजेचे. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर शेकडा ३० कर आहे, व त्यातून विजेचा खर्च वजा मिळत नाही. या आकड्यांसमोर प्राप्तीचा आकडा मुलाने स्वतःच्या हाताने मांडावा आणि तो सर्वांनी मिळून तपासावा. बाकी शिल्लक दिसली तर त्याच्या उत्साहास आडकाठी करू नये. न दिसली तर एकत्र कुटुंबाची पुंजी वाचली, आणि बाप-लेकांतील कलहही टळला.