कोळसा सरकारचा, काजळी मजुराची!

वाचकहो, पूर्वीच्या चांदा व आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचा इतिहास चाळून पाहा. १८७१ पासून सरकारने तेथे कोळशाची खाण चालविली. त्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. १९०६ मध्ये खाण बंद झाली व बल्लारपूरच्या खाणीस महत्त्व आले. कोळशाची नोंद आहे, लोहमार्गाची आहे. पण भूमीच्या पोटात उतरणारा मजूर या इतिहासात कोठे आहे?

कायद्याची साले पाहा. भारतातील पहिला खाण कायदा १९०१ चा, म्हणजे वरोऱ्याची खाण सुरू होऊन तीस वर्षे लोटल्यानंतरचा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, म्हणजे ती खाण बंद होऊन सतरा वर्षे झाल्यानंतरचा! तेथे ज्याचा हात तुटला, त्याला या कायद्याचा छदामही मिळणे शक्य नव्हते.

यंत्र आले की जात आपोआप जाईल, असे सांगणाऱ्या पंडितांना आमचा रोकडा सवाल आहे. काजळीने सर्वांची तोंडे सारखीच काळी झाली. मग जात का पुसली गेली नाही? खाणीने ती पुसली असती, तर याच कोळशाच्या जिल्ह्यात, चांदा येथे, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या बांधवांना धम्मदीक्षा घेण्याचे कारणच उरले नसते.

मजूरमंत्री या नात्याने परमपूज्य बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या खाणी पाहावयास स्वतः गेले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्याच बाबासाहेबांच्या मार्गाने जाणाऱ्यांना पुढे काय मिळाले? १९७३ मध्ये कोळसा खाणी राष्ट्राच्या झाल्या. पण केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान नसल्यामुळे त्या खाणींतील अनुसूचित जातींच्या राखीव जागा बौद्ध तरुणास १९९० पर्यंत बंद होत्या! महाराष्ट्राने १९६० मध्येच सवलती दिल्या होत्या. केंद्राला मात्र आणखी तीस वर्षे लागली. धर्म बदलला म्हणून गावाने अस्पृश्यता सोडली नाही. केंद्राने हक्क तेवढे काढून घेतले. हा कोणता न्याय?

बंधुभगिनींनो, आज उघड्या खाणींत कंत्राटदारांचे मजूर मोठ्या संख्येने राबत आहेत. आपला भाऊ त्यांत असेल, तर त्याचे नाव हजेरीपटावर आहे काय, त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय, हे आजच विचारा. वरोऱ्याच्या मजुराजवळ कायदा नव्हता, आपल्याजवळ आहे. तो असूनही आपण मुके राहिलो, तर दोष कोणाचा?

जय भीम!