बिल लावा म्हणणाऱ्यांनो, एका रात्री आमच्यासोबत चला

पोस्ट मोठी झालीये. तरी वाचा, कारण विषय आपल्याच डोंगराचा आहे.

परवाच्या रविवारी कातळधारच्या जंगलात तीन पोरं वाट चुकली. पुण्याची, विशी-बाविशीतली. पहाटे साडेतीनला त्यांना वर आणलं. सोमवारी बातमी आली आणि खाली कमेंटचा पाऊस. "सगळा खर्च वसूल करा." "लाखभर दंड ठोका, परत फिरकणार नाहीत." "मरू द्या, रील काढायला गेले होते." एकाने तर आम्हालाच सल्ला दिला की पैसे हातात पडल्याशिवाय दोर सोडायचा नाही. सगळ्यात जास्त लाईक त्यालाच. लाईक करणाऱ्यांत आपल्या गावातली चांगली ओळखीची नावं दिसली, म्हणून लिहितोय.

राग मलाही येतो हो. रविवारी लेकीचा वाढदिवस होता. केक फ्रीजमध्ये ठेवून निघालो. टीममधला एक जण दुकानाचं शटर अर्धं ओढून आला, दुसऱ्याची सोमवारची पहिली पाळी होती, ती बुडाली. आम्हाला कुणी पगार देत नाही. गाडीतलं पेट्रोल आमचं, बॅटरीचे सेल आमचे. दोर वर्गणीतून घेतलाय. तेव्हा चिडायचा पहिला हक्क आमचा. तरीही सांगतो, वसुलीची ही मागणी चुकीची आहे आणि ती माणसं मारेल.

ही पोरं चुकली दुपारी चारच्या सुमारास. आम्हाला फोन आला रात्री पावणेआठला. मधल्या पावणेचार तासांत फोन होता, बॅटरी होती, एका टेपाडावर रेंजही येत होती. मग केला का नाही? वर येताना मी विचारलं. एक जण म्हणाला, "दादा, वाटलं पोलीस केस होईल, पैसे मागतील, घरी कळेल." बस्स, एवढंच कारण.

चारला फोन आला असता तर वाडीतला एखादा गडी हाका मारत गेला असता आणि दिवेलागणीआधी तिघांना घेऊन आला असता. त्याऐवजी पोरांनी काय केलं? ओढा धरून खाली उतरायला लागली. पाणी कुठेतरी गावालाच जात असणार, हा हिशेब. शहरातल्या माणसाला तो बरोबर वाटतो, सह्याद्रीत तो घातक आहे. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. इथला ओढा सरळ गावात जात नाही, आधी कड्यावरून उडी मारतो. माणूस निसरड्या दगडांवरून एक टप्पा उतरतो, पुढे सरळ तुटलेला कडा लागतो आणि मागे चढता येत नाही. ही पोरं तशाच जागी अडकली. एकाचा घोटा गेला होता. दुसरा कुडकुडायचा थांबला होता आणि असंबद्ध बोलत होता. बर्फ नसला तरी पावसात भिजून, वाऱ्यात बसून माणूस गारठ्याने जातो. कुडकुडणं थांबलं की आराम पडला असं वाटतं, पण तिथूनच खरी घाई सुरू होते.

मग रात्री, पावसात, कड्याच्या तोंडाशी दोर लावून उतरायचं कुणी? आम्ही. स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा जण लागतात, दर काही मिनिटांनी खांदे बदलावे लागतात. म्हणजे तुमच्या दंडाच्या भीतीने जो उशीर झाला, त्याची किंमत त्या पोरांनी दिलीच, आणि आमच्या चौदा जणांनीही दिली.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात हिवाळ्यात लोक स्की घेऊन रिसॉर्टची हद्द सोडून रानातल्या बर्फात जातात. हरवतात, हिमकड्याखाली सापडतात. त्यांना शोधायला जाणारे बहुतेक आपल्यासारखेच बिनपगारी स्वयंसेवक. तिथल्या टीम शोधाचं बिल लावत नाहीत आणि कारण उघड सांगतात: पैशाच्या धास्तीने लोक उशिरा फोन करतात. मग पैसा येतो कुठून? २०२३ पासून तिथे गाडीच्या नोंदणीसोबत २९ डॉलरचा उद्यान पास जोडलाय, नको असेल त्याने नाही म्हणावं. त्या पैशातून बचाव टीमसाठी वाटा राखून ठेवलाय. डोंगरात जाणारे सगळे थोडं थोडं देतात, हरवलेल्या एकाच्या मानेवर सुरी ठेवत नाहीत.

(तिथलाच एक किस्सा. ऑक्टोबर २०२१ मध्ये माउंट एल्बर्टवर एक जण चुकला. टीम त्याला फोनवर फोन करत होती आणि हा नंबर अनोळखी म्हणून उचलतच नव्हता! रात्रभर भटकून सकाळी आपला आपण परत आला. हसू नका. वाट चुकलेल्यांना आम्ही फोन लावतो तेव्हा आपल्याकडेही कितीदा हेच होतं.)

आणखी एक फरक. तिकडचा माणूस उपग्रहावरून मदत मागणारं यंत्र खिशात ठेवून फिरतो. आपल्याकडे परवान्याशिवाय ते जवळ बाळगलं तर कारवाई होते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका बाईंना त्यावरूनच अडवलं होतं. म्हणजे आपल्या पोरांकडे मदत मागायला फक्त मोबाईल, तोही एका काडीच्या रेंजवर. तो एकमेव फोनसुद्धा त्यांनी भीतीने करू नये, अशी व्यवस्था आपण मागतोय?

आता कुणी म्हणेल, मग बंदी मोडणाऱ्याला मोकाट सोडायचं का? अजिबात नाही. बंदी असलेल्या धबधब्यावर गेला, दारू पिऊन धिंगाणा केला, तर पोलिसांनी नियमाप्रमाणे जरूर दंड करावा. तो दंड नियम मोडल्याचा. हरवल्याचा नाही, मदत मागितल्याचा तर नाहीच. वाटेच्या तोंडाशी सकाळी अडवून करा की! रात्री दीड वाजता स्ट्रेचरवर पडलेल्या पोराला "आता कळेल तुला" म्हणणं म्हणजे कायदा नव्हे.

खर्चाचंही बोलू, कारण खर्च खरा आहे. शनिवार-रविवारी आपल्या भागात पार्किंगची पावती फाटते, काही ठिकाणी प्रवेशाचीही. त्यातला किती पैसा दोर, स्ट्रेचर, वायरलेस आणि हेल्मेटवर गेला? आमच्या वाट्याला आजवर शून्य. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाचा गुडघा ओढ्यात फिरला. ऑपरेशनचा खर्च त्यानेच केला, दोन महिने कामही बंद. एका कार्यालयात विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुम्ही स्वतःहून गेला होतात ना?" स्वतःहून! रात्री फोन त्यांच्याकडूनच आला होता.

१९ जुलै २०२३ ची रात्र आठवा. इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नाही, जेसीबी चढू शकत नाही. अंधारात, पावसात ती पायवाट कुणाच्या पायाखालची होती? आसपासच्या ट्रेकर पोरांच्या आणि वाड्यांतल्या लोकांच्या. मदतीला चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराने गेले. त्या दिवसांत सगळ्यांनी आमचे फोटो स्टेटसला ठेवले होते. स्टेटस चोवीस तासांत उडतं, विम्याचं कुणी नंतर विचारलं नाही.

आणि वाडीतल्या त्या गड्याबद्दल तर कमेंटमध्ये कुणीच काही लिहिलं नाही. रविवारी आमच्या पुढे विळी घेऊन चालणारा माणूस ठाकरवाडीतला आहे. वय साठीला आलेलं, पायात प्लास्टिकच्या चपला. कुठला ओढा कुठे तुटतो हे त्याला अंधारात माहीत. भात लावणीचे दिवस, सकाळी सहाला तो परत चिखलात उभा होता. त्याची मजुरी कोण देणार, हा प्रश्न वसुलीवाल्यांपैकी एकालाही पडला नाही.

तर मागणी अशी आहे. पार्किंग आणि प्रवेशाच्या प्रत्येक पावतीतला ठरावीक वाटा तालुक्याच्या बचावकार्यासाठी वेगळा ठेवा. यादीतल्या स्वयंसेवकांचा आणि वाटाड्यांचा अपघात विमा काढा. वाटाड्याला बोलावलं तर त्या दिवसाची मजुरी द्या. आणि प्रत्येक वाटेच्या सुरुवातीला मराठी-हिंदीत मोठा फलक लावा: वाट चुकलात तर ओढ्यात उतरू नका, आहात तिथेच थांबा, ११२ ला फोन करा, मदतीचे पैसे लागत नाहीत.

शेवटची ओळ फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हवी.

निवेदन तयार आहे. बुधवारी संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या देवळात सह्या घेतोय. कमेंटमध्ये "मरू द्या" लिहिणाऱ्यांनीही यावं, चहा आहे. येताना टॉर्चचे जुने-नवे सेल असतील तर आणा, रविवारी सगळे संपलेत.