विकतचा गोठा

गेल्या आगमनकाळातील गोष्ट. शाळेच्या सभागृहात पहिलीच्या मुलांच्या नाताळ प्रकल्पांचे प्रदर्शन मांडले होते आणि परीक्षक म्हणून मला पाचारण करण्यात आले होते. टेबलांवर चाळीसएक गोठे ओळीने मांडलेले. बहुतेक सारे एकाच आकाराचे, एकाच रंगाचे. कारण उघड होते. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात त्या आठवड्यात फोमचे तयार गोठे विकायला आले होते. त्या चकचकीत रांगेच्या अगदी टोकाला मातीचा एक गोठा होता. भिंतींना तडे गेलेले, छपराला खोक्याच्या फळीचा तुकडा, बैलाचे एक शिंग मोडलेले. बाळ येशू कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेला होता. हे कॉटन वेस्ट म्हणजे वर्कशॉपमध्ये यंत्राचे तेल पुसायला वापरतात तो सुताचा गुंता. मुलाचे वडील चाकणच्या एका कारखान्यात कामाला होते.

मी पहिले बक्षीस एका फोमच्या गोठ्याला दिले. त्यात विजेचा दिवा होता. बक्षीस घ्यायला आलेल्या मुलीला मी कौतुकाने विचारले, "गव्हाणी कुठली गं यातली?" ती माझ्याकडे पाहत राहिली. गव्हाणी हा शब्दच तिला ठाऊक नव्हता. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "फादर, मम्मीने आणलाय."

परत जाताना मी त्या मातीच्या गोठ्यापाशी थांबलो. मुलाला विचारले, "भिंतीला तडे का गेले रे?" तो उत्तरला, "पाणी जास्त झालं होतं. मग दुसऱ्या भिंतीत गवत घातलं, ती नाही फुटली." सहा वर्षांचे ते पोर. माती, पाणी, गवत आणि ऊन यांचा परस्परसंबंध त्याने स्वतःच्या बोटांनी शोधून काढला होता आणि आपली चूक दुरुस्तही केली होती. गव्हाणीत गुरांना वैरण घालतात हे त्याला आजोळी समजले होते. त्या दालनात खऱ्या अर्थाने शिकलेला विद्यार्थी बहुधा तोच होता, आणि सेमिनरीत कितीतरी वर्षे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलेल्या परीक्षकाने त्याला रित्या हाताने घरी पाठवले.

वाचकहो, ही कबुली मी आधीच देऊन टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कठोर आहे, आणि त्यातून मी स्वतःला वगळलेले नाही.

आपल्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बालवर्ग ते दुसरी या कोवळ्या वयात 'कृतीतून शिक्षण' या नावाखाली जे चालते त्यात कृती आईची असते, शिक्षण दुकानदाराचे असते आणि मुलाच्या वाट्याला फक्त छायाचित्र येते. दिवाळीच्या सुटीत प्रकल्प दिला जातो. तो मावशी, आई आणि शेजारची ताई मिळून रात्री बारापर्यंत जागून पुरा करतात. नाताळात लाल टोपी घालून मुले रांगेत उभी राहतात, छापील चित्रात रंग भरतात, बिस्किटाचा पुडा घेतात आणि घरी जातात. हा आनंद नव्हे. हे आनंदाचे प्रदर्शन होय. आणि उरलेले वर्षभर तीच कोवळी बोटे, ज्यांत अजून पेन्सिल नीट धरण्याचे बळ आलेले नाही, चार रेघी वहीत एकच अक्षर पानभर गिरवीत बसतात.

हे सारे नव्या जमान्याचे फॅड आहे, आमच्या वेळी असले खेळ नव्हते, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना थोडा इतिहास सांगितला पाहिजे. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी या विदुषीने आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे राहिलेली मुले चाळीचे जिने व भिंती खराब करतात म्हणून घरमालक त्रासलेले, अशी ती परिस्थिती. थेरगाव, भोसरी वा कुरुळीच्या चाळींत राहणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. मॉन्टेसरीबाईंनी त्या मुलांना उपदेश केला नाही; त्यांच्या हाती वस्तू दिल्या. ठोकळे, दट्ट्या, ओतायचे पाणी, खरखरीत कागदाची अक्षरे. त्या अक्षरांवरून बोट फिरविता फिरविता मुले लिहू लागली. पुढे १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६पर्यंत येथेच राहून त्यांनी शेकडो शिक्षकांना घडविले.

आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ताराबाई मोडक यांचे नाव कसे विसरता येईल? गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केलेल्या या विदुषीने १९४५ साली बोर्डी येथे बालवाडी सुरू केली आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. वाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कार्यातून आला. मुले गुरे राखायला रानात जात, तेव्हा शाळा कुरणात गेली. परदेशी साधनांना पैसा नव्हता, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती हीच साधने झाली. ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत होती अशा वारली मुलांसाठी जे शक्य झाले, ते आपल्या डांबरी रस्त्याच्या, विजेच्या आणि पगाराच्या गावांत अशक्य आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही.

कायदा आणि धोरण तर केव्हाच मुलांच्या बाजूने उभे राहिले आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची व पालकांची मुलाखत घेणे निषिद्ध ठरविले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकसंध पायाभूत टप्पा मानला आणि खेळ व कृती हा त्याचा मार्ग ठरविला. त्याच वर्षीच्या शालेय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको असे सांगितले. २०२३ साली खेळणी, कोडी व बाहुल्यांनी भरलेली 'जादुई पिटारा' नावाची पेटी केंद्र सरकारने काढली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने 'आनंददायी शनिवार' सुरू करण्याचा निर्णय घेतला. कागदावर सारे आहे. पण पेटी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्याची आपली कला जुनीच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मला दर जूनमध्ये ऐकावा लागतो: "फादर, एवढी फी भरून पोराला चिखलात खेळायला पाठवायचं का? चिखल तर गावाकडे फुकट होता." या बोलण्यामागचे दुःख मी जाणतो. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे नगर आणि जालना जिल्ह्यांतून दुष्काळाला कंटाळून येथे आली. चिखल त्यांच्यासाठी खेळ नव्हता. ती मजुरी होती. आपल्या लेकराचे हात स्वच्छ राहावेत ही त्यांची आस मी कशी हसण्यावारी नेऊ? परंतु मजुरीचा चिखल आणि शिक्षणाची माती यांत फरक आहे. मजुरीत दुसऱ्याने सांगितलेले करावे लागते. घडविताना मूल स्वतः ठरविते, चुकते आणि सुधारते. ज्या मुलाला सहाव्या वर्षी स्वतः ठरविण्याची सवय लागली नाही, ते सव्विसाव्या वर्षी कितीही स्वच्छ कपड्यांत असले तरी दुसऱ्याच्या हुकुमाचेच ताबेदार राहील.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. खेळात वेळ गेला तर मूल मागे पडेल, असे आईला वाटते. पण भाषा येते ती अनुभवाच्या पाठीवर बसून. ज्याने वाटाणे मोजून दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधल्या, त्याला दशक शिकवावा लागत नाही. त्याला दशकाचे इंग्रजी नाव तेवढे सांगावे लागते. ज्याने कणीक मळली, मणी ओवले, कागद फाडून चिकटविला, त्याच्या बोटांत पेन्सिल पेलण्याचे बळ आपोआप येते. उलट ज्याने शंभरपर्यंत आकडे पाठ म्हटले पण कधी पंचवीस चिंचोके हाताळले नाहीत, त्याचे गणित पुढे तिसरी-चौथीत कोसळते आणि मग शिकवणीचा खर्च मागे लागतो.

तिसरा आक्षेप शिक्षिकांचा आहे आणि तो सर्वांत खरा आहे. एका वर्गात पन्नास मुले, मदतनीस नाही, वर तपासायच्या वह्यांचा ढीग. त्यात चिखल, डिंक आणि पाणी कसे सांभाळायचे? याचे उत्तर शिक्षिकांनी द्यायचे नसून आम्ही संस्थाचालकांनी द्यायचे आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीला पैसा मिळतो आणि मदतनीस ताईच्या पगाराला मिळत नाही, ही आमची लाज आहे. माझ्या स्वतःच्या खात्यावरही एक नोंद आहे. पालकांच्या मोटारी लावता याव्यात म्हणून शाळेच्या आवारातील वाळूचा हौद मीच बुजविला आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसविले. त्या वेळी सर्वांनी माझे अभिनंदन केले. मुलांना कोणी विचारले नाही.

या सगळ्यात एक विसंगती मला झोपू देत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डी-पिंपरीत मोटारी व स्कूटरींचे कारखाने आले, नंतर चाकणची माळराने कारखान्यांनी भरली. हे सारे वैभव हातांनी घडविलेले आहे. मिस्सासाठी रांगेत येणाऱ्या आपल्या बांधवांच्या तळहातांवर मी प्रभूचे शरीर ठेवतो, तेव्हा ते तळहात मला वाचता येतात. फिटर, वेल्डर, टर्नर यांची बोटे डोळे मिटूनही लोखंडाची जाडी सांगतील. आणि हेच बांधव आपल्या मुलाने हाताने काही करावे याची शरम बाळगतात! ज्या गावाची भाकरी हातावर आहे, त्या गावाने हाताला अडाणी ठरवावे, यापेक्षा मोठी कृतघ्नता कोणती?

चाकणचेच पाहा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जो संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजविला, तो याच गावात आहे. आणि त्याच गावातील मुले दिवाळीत प्लॅस्टरचा तयार किल्ला रस्त्यावरून विकत आणतात. स्वतः मातीचा किल्ला केला असता तर उतार कसा टिकतो, पाणी कुठून वाहते, अळीव किती दिवसांत उगवतात हे कळले असते, आणि वेशीवरचा खरा बुरूज पाहायला पावलेही वळली असती.

शेवटी आपल्या श्रद्धेचा प्रश्न. शब्दाने देह धारण केला, असे आपण मानतो. देवाने आपल्याकडे छापील पत्रक पाठविले नाही. तो नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढला आणि लाकूड तासायला शिकला. ख्रिस्तसभा स्वतः आपल्याला वस्तूंतून शिकविते: पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, राख, झावळ्या, मेणबत्ती. १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गोठा उभारला, तेव्हा त्यांनी खरे गवत आणले, खरा बैल आणि खरे गाढव उभे केले. बेथलेहेमची गरिबी लोकांनी डोळ्यांनी पाहावी हा त्यांचा हेतू होता. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याच्या परंपरेवरील आपल्या पत्रावर त्याच ग्रेच्चो येथे स्वाक्षरी केली. आठशे वर्षांची ही परंपरा फोमच्या तुकड्यात गुंडाळून विकत घेण्याइतकी स्वस्त आहे काय? ज्या मुलाने गव्हाणी केली नाही, त्याला देव गव्हाणीत का निजला हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणत्या तोंडाने समजावणार?

म्हणून या वर्षीपुरते तीन निर्णय मी जाहीर करतो. आवारातील एका कोपऱ्यातले पेव्हर ब्लॉक उचलले जातील आणि वाळूचा हौद परत येईल. मोटारी रस्त्यापलीकडे उभ्या राहतील. आगमनकाळात पहिली-दुसरीच्या मुलांना घरी प्रकल्प दिला जाणार नाही. गोठा शाळेतच, शाळेच्या वेळात, मुलांच्या हातांनी होईल आणि त्याला बक्षीस नसेल. आणि तिसरा निर्णय बापांसाठी: ज्यांना साप्ताहिक सुटी असेल त्यांनी एक सकाळ आपली करवत, आपला पाना आणि आपले कसब घेऊन वर्गात यावे. मुलांना आपले वडील काय करतात हे एकदा पाहू द्यावे.

काहींना हे आवडणार नाही, हे मी जाणतो. गोठे वाकडे होतील, गणवेश मळतील, छायाचित्रे फारशी चांगली येणार नाहीत. तक्रार जरूर करा. कार्यालयाचे दार उघडे आहे. मात्र तक्रार करण्यापूर्वी आपल्या मुलाला एवढेच विचारा, की भिंतीला तडे का गेले. त्याला उत्तर देता आले, तर तुमची फी वसूल झाली असे समजा.