एक बिऱ्हाड, दोन कचेऱ्या

‘घर पाहावे बांधून’ म्हणतात. पण भाड्याचे घर टिकवणे का सोपे आहे? श्रीमंत अमेरिकेतही नोकरी गेली, भाडे थकले, की मुलाबाळांसह बिऱ्हाड रस्त्यावर येते. बेघरांना निवारा देणारी कचेरी निराळी, गरीब कुटुंबांना पैसे देणारी निराळी. आई बिचारी दोन्हीकडे हेलपाटे घालते!

वास्तविक यावर तोड आहे. १९९६ च्या कायद्यानुसार गरजू कुटुंबांसाठी केंद्र सरकार राज्यांना दरवर्षी सुमारे १,६५० कोटी डॉलर देते. संकटात सापडलेल्या कुटुंबाला त्यातून चार महिन्यांपर्यंत तात्पुरती मदत देता येते: थकलेले भाडे, नव्या घराची अनामत, सामान हलवण्याचा खर्च. २०१३ साली केंद्राने राज्यांना हे लेखी समजावले. निवाऱ्याच्या खात्याने घर शोधावे, मदतीच्या खात्याने भाडे सावरून आईबापांना कामाला लावावे, म्हणजे चार महिन्यांनंतर भाडे पगारातून निघेल.

अडचण एवढीच, की ती रक्कम १९९६ पासून जवळजवळ तेवढीच आहे, आणि भाडी काही थांबलेली नाहीत. म्हणून तर दोन्ही खात्यांनी एका टेबलाशी बसायचे! मोडलेले बिऱ्हाड पुन्हा मांडण्यापेक्षा ते मोडू न देणेच शहाणपणाचे, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही.