हवा गेली की कळतं

मे २०१३. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया हार्बरमध्ये फ्लोरेंटाइन हॉफमन या डच कलाकाराचं साडेसोळा मीटर उंच पिवळं बदक तरंगत होतं. फोटो काढायला ही गर्दी! आणि मध्येच एक दिवस हवा गेली. पाण्यावर नुसती पिवळी पोळी! लोक हळहळले. काही दिवसांनी बदक पुन्हा फुगवलं.

अशा शिल्पांना पंख्याने सतत हवा द्यावी लागते. पंखा बंद, शिल्प खलास. आमचे सर्व्हर तरी काय वेगळे? दिसतं ते बदक, रात्री जागणारा दिसत नाही. तो आठवतो हवा गेल्यावरच, तेही शिव्या घालायला!

म्हणून म्हणतो, पाटीवर कलाकाराच्या नावाखाली पंखा सांभाळणाऱ्याचंही नाव लिहा. आपोआप फुगलेलं काहीच राहत नाही, राव!